वृद्धाश्रमातील दंतसेवा (बेळगाव सीमाभाग)

वृद्धाश्रमात राहणाऱ्या व्यक्तींचे दात, हिरड्या, जीभ व कवळी यांची तपासणी, स्वच्छता आणि उपचार त्यांच्या राहत्या जागी जाऊन करण्याची पद्धत. इंग्रजीत हिला ‘नर्सिंग होम’मधील दंतसेवा म्हणतात. पण बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) परिसरात ‘नर्सिंग होम’ म्हणजे बहुधा खाजगी छोटे रुग्णालय किंवा प्रसूतिगृह. पाश्चात्त्य दंतवैद्यकात या शब्दाने जी संस्था अभिप्रेत असते, तिला येथे ‘वृद्धाश्रम’ हाच जवळचा शब्द आहे. प्रस्तुत नोंदीत ‘वृद्धाश्रम’ त्या अर्थाने घेतला आहे.

उतारवयात हिरड्या खाली सरून दातांची मुळे उघडी पडतात व तेथे कीड लागते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील अनेक औषधांनी लाळ कमी होते आणि ही कीड झपाट्याने वाढते. मधुमेहात हिरड्यांचा विकार बळावतो. निपाणी भागात तंबाखूचे पीक जुने आहे. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय, विशेषतः वयस्क स्त्रियांमध्ये, आढळते व तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे दात शिल्लक नसले तरी तपासणी टाळता येत नाही. कवळी काढून टाळू, गालाची आतली बाजू व जिभेच्या कडा पाहाव्या लागतात. न पुसला जाणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास रुग्णाला पुढे पाठवतात.

कवळी : कृत्रिम दातांच्या संचाला मराठीत रूढ असलेल्या या शब्दाची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. संस्कृत ‘कवल’ (घास) यापासून मराठी ‘कवळ’ आला, त्याचेच हे स्त्रीलिंगी रूप असावे, असे एक अनुमान करता येते. आयुर्वेदात तोंडात सहज खळबळवता येईल इतके तेल वा काढा धरण्यास ‘कवल’ आणि हलवता येणार नाही इतके तोंड भरून धरण्यास ‘गंडूष’ म्हणतात. मुखाशी असलेला हा संबंध त्या अनुमानाला पूरक ठरतो. दुसरे अनुमान ‘कवळणे’ (मिठी घालणे, धरून ठेवणे) या क्रियापदाकडे जाते. विड्याच्या पानांच्या गड्डीलाही ‘कवळी’च म्हणतात आणि तेथे घासाचा अर्थ लागत नाही, एकत्र धरलेल्या वस्तूंचा लागतो. दातांची कवळीही हिरडीला कवळूनच बसते. त्यामुळे दुसरे अनुमान अधिक ग्राह्य वाटते. व्हल्कनाइट (कडक केलेल्या) रबराच्या कवळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्या आणि ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून. मराठी शब्दाचा हा अर्थ तितकाच अर्वाचीन असावा. कन्नडमध्ये ‘दंतपंक्ति’ हा शब्द सरकारी कागदपत्रांत दिसतो. बोलताना दोन्ही भाषांचे लोक ‘सेट’ म्हणून मोकळे होतात.

उपचारपद्धती : आश्रमात घडीची खुर्ची, डोक्यावरचा दिवा व हाताची अवजारे पुरतात. किडलेला भाग ड्रिलऐवजी हाताने खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट (दाताला चिकटणारा भराव) भरण्याची पद्धत साधारणतः १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात विकसित झाली. वीज व भूल यांवाचून ती चालत असल्याने अंथरुणाला खिळलेल्यांना सोयीची आहे. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे चांदीयुक्त द्रावण लावून कीड थोपवता येते, मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, याची कल्पना आधी द्यावी लागते. पूर्ण कवळीचे काम एका फेरीत होत नाही. पहिले माप, पक्के माप, जबड्यांचा मेळ, मेणावरची चाचणी आणि बसवणे अशा सुमारे पाच बैठका लागतात, शिवाय टोचणारी जागा घासण्यासाठी पुन्हा येणे आले. एकदिवसीय शिबिरांचे दुबळेपण येथेच आहे. शिबिराच्या अहवालात वाटलेल्या कवळ्या मोजल्या जातात, कपाटात पडून राहिलेल्या मोजल्या जात नाहीत.

रोजच्या स्वच्छतेचे महत्त्व उपचारांहून कमी नाही. किंबहुना उपलब्ध पुरावा तिच्याच बाजूने अधिक बोलका आहे. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत (नर्सिंग होम) झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत न्यूमोनिया झालेल्यांचे प्रमाण नियमित मुखस्वच्छता केलेल्या गटात ११ टक्के, तर इतर गटात १९ टक्के होते. तोंडातील जंतू लाळेबरोबर श्वासमार्गात उतरतात, हे त्याचे कारण समजले जाते. म्हणून प्रत्येक जेवणानंतर चूळ, दिवसातून दोनदा ब्रश, आणि रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवणे ही कामे मदतनीस बाईंकडे येतात. स्मृतिभ्रंश असलेल्या आजींचे तोंड उघडवताना समोरून घाई करू नये. शेजारी बसून, हातात हात घेऊन, त्यांच्याच हाताने ब्रश फिरवावा.

कायदा व योजना : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. त्याच्या वैद्यकीय कलमात रुग्णालयातील खाटा, वेगळ्या रांगा इत्यादींचा उल्लेख आहे, दातांचा नाही. कर्नाटकाची ‘दंत भाग्य’ योजना (२०१० च्या दशकाच्या मध्यास सुरू) दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देते. साठ वर्षांची अट पुढे ४५ वर आणण्यात आली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना लागू केलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. कवळी तिच्या चौकटीत सहज बसत नाही.

बेळगाव शहरात केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्थेचे (स्थापना १९१६) विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान महाविद्यालय १९८५ पासून आहे, तसेच मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतमहाविद्यालय आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या जंगलपट्ट्यातून शहरात येणे वृद्धांना जड जाते.

रुग्ण ‘दाढ ठणकते’, ‘कळ मारते’, ‘दात आंबतात’ असे म्हणतात. कन्नडभाषक ‘हल्लु नोवु’ म्हणून सांगतात. ठणका व आंबणे यांतला फरक निदानात महत्त्वाचा असल्याने दोन्ही भाषा येणारी व्यक्ती पथकात असणे इष्ट. आश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते, म्हणून ॲक्रिलिकमध्ये नावाची चिठ्ठी बसवून वर पारदर्शक थर देतात. लिपी मराठी की कन्नड, असा प्रश्न सीमाभागात निघू शकतो. कपाटाचा क्रमांक घातला की तो मिटतो.