लिंटरची खोटी एरर

कोड व्यवस्थित चालतोय, तरी लिंटर, म्हणजे कोड वाचून त्यातल्या चुका दाखवणारा प्रोग्रॅम, लाल रेघ मारतो, आणि खणत गेलं की चूक कोडात नसते, लिंटर ज्या पॅकेजांवर (तयार कोडाच्या गठ्ठ्यांवर) उभा आहे त्यातलंच एखादं जुनं निघतं, याला खोटी एरर किंवा फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात.

लिंट म्हणजे कापडाचे सुटे बारीक तंतू. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात तासभर थांबा, डोक्यापासून चपलेपर्यंत तेच चिकटलेलं असतं. बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सननं 1978 च्या सुमारास सी भाषेसाठी कोडातल्या बारीकसारीक चुका अशा तंतूंसारख्या वेचणारा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून हे नाव.

मूळ गोची अशी की लिंटर कोड चालवत नाही, नुसता वाचतो, आणि वाचायचं काम त्याच्यातला पार्सर नावाचा भाग करतो. पार्सर जुना असला की भाषेत नवीन आलेलं त्याला कळतच नाही. जावास्क्रिप्टात 2020 मध्ये प्रश्नचिन्हाला लागून टिंब द्यायची सोय आली, जावास्क्रिप्टचा लिंटर ईएसलिंट, त्याला ती त्याच वर्षी 7.5 व्हर्जनपासून समजायला लागली, त्याच्या आधीचं असेल तर सरळ 'पार्सिंग एरर', आणि पुढं त्या फाइलीत बाकी काही तपासलंच जात नाही, म्हणजे खोट्या एररखाली खऱ्या चुका पण झाकून जातात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

पायथन भाषेचा लिंटर पायलिंट, त्याचा प्रकार जरा वेगळा. त्याचं 2.6 व्हर्जन पायथन 3.9 वर चालवला की कोड वाचता यायचा पण अर्थ चुकीचा लागायचा, 'ऑप्शनल' या टाइपच्या नावाला चौकोनी कंस लावला की हे चालत नाही म्हणून ओरडायचा.

आता जुनं राहतं कुठून? इथल्या कॉलेजच्या प्रोजेक्टात बघा, सीनियरचं फोल्डर पेनड्राइव्हवरून जसंच्या तसं येतं, नोड मॉड्यूल्स म्हणजे डाउनलोड केलेल्या पॅकेजांच्या फोल्डरसकट. मग पुण्यात नोकरी करणारा मित्र शनिवारी गावी येतो, त्याच्या लॅपटॉपवर तोच कोड एकदम स्वच्छ, आणि सगळे त्याच्याकडं बघत बसतात. कधी पॅकेजांची व्हर्जनं नोंदवून ठेवणारी लॉक फाइल जुनं व्हर्जन धरून ठेवते, कधी एडिटर प्रोजेक्टमधला सोडून दुसराच लिंटर वापरतो. म्हणून आधी टर्मिनलवर लिंटर चालवून बघायचं, तिथं एरर नसेल तर भांडण एडिटरशी आहे.

सगळं एका दमात अपडेट करू नये. एप्रिल 2024 च्या ईएसलिंट 9 नं कॉन्फिगची, म्हणजे लिंटरच्या सेटिंगच्या फाइलीची, पद्धतच बदलली, जुनी फाइल तो आपणहून वाचत नाही, एक एरर घालवायला जाऊन अख्खा लिंटरच बंद पडतो. वैतागून नियम बंद करणारी कमेंट टाकणारे तर गल्लोगल्ली आहेत, पण पार्सिंग एररवर त्या कमेंटचा काही उपयोग होत नाही कारण तो नियमच नाही. बाकी ठिकाणी अपडेटनंतर या कमेंटा बिनकामाच्या पडून राहतात, ईएसलिंट 9 मात्र त्यांच्यावर स्वतःहून वॉर्निंग देतो.