गोंडवानाचे खडक वाचतो कोण?

कामठीचा तांबूस वालुकाश्म थराच्या कडेने फोडला की नशिबात असेल तर आत जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा सापडतो. मधली शीर ठळक, बाजूला बारीक जाळी. हे ग्लॉसॉप्टेरिस, कधीच नामशेष झालेली एक वनस्पती. नागपूर परिसरातले असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोळा केले. टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दगडी वर्तुळं, पाहून परतताना १८६३ मध्ये तो बुडून गेला. पुढे १८७२ मध्ये भूवैज्ञानिक मेडलिकॉटने या खडकांना ‘गोंडवाना’ म्हटलं, आणि तेच नाव एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला मिळालं. नाव गोंडांच्या मुलखाचं, पण खडक वाचायला गोंड कुणी बोलावले नाहीत.

नोकऱ्या तर दारातच होत्या. भारतीय खाण ब्यूरो १९४८ चा, मुख्यालय नागपूरच. सेमिनरी हिल्सवर जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, शिवाय कोळशाची वेकोलि आणि मँगनीजची मॉइल या सरकारी कंपन्या. तरी भूशास्त्राच्या वर्गातले चेहरे बराच काळ एकाच साच्याचे राहिले.

बायकांचं तर उलटंच झालं. नागपूरजवळ मनसरला १९०० च्या सुमारास मँगनीज निघू लागलं, तेव्हापासून खाणींवर डोक्यावरून खनिज वाहायला बाया चालत होत्या. हातात नकाशा द्यायची वेळ आली की मात्र कायदा आठवायचा. १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ नुसार बाईला जमिनीखाली कामच नव्हतं, आणि वरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढंच. उद्देश संरक्षणाचा असेल. परिणाम असा की ‘नोकरीच मिळणार नाही, तर शिकून काय करशील?’ हे घरच्यांना सांगायला सोपं गेलं. नव्वदच्या दशकात चंद्राणी प्रसाद वर्मा यांना नागपुरात मायनिंग इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला स्त्रियांना परवानगी मिळाली ती थेट २०१९ मध्ये. तीही दिवसा, लेखी संमतीने आणि एका पाळीत किमान तिघी असतील तरच.

गडचिरोलीत २०११ मध्ये विद्यापीठ आलं, त्याचंही नाव गोंडवाना. तिथल्या पोराला मुरूम कुठे संपतो आणि काळी माती कुठे लागते हे पायांना माहीत असतं. पण जीएसआयमध्ये भूवैज्ञानिक व्हायचं तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा, आणि तिची उत्तरं इंग्रजीतच लिहायची. घरात गोंडी, शाळेत मराठी, आणि गोंडवानाच्या थरांवरचा प्रश्न तिसऱ्याच भाषेत.