टांझानियातली पोरं सातवीनंतर का अडतात, त्याची पार्श्वभूमी

टांझानियात सरकारी शाळेतलं पोरगं सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या सामायिक भाषेत शिकतं, विज्ञानात प्रकाशसंश्लेषणाला उसानिसिनुरू म्हणतात ते त्याला नीट कळलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी फॉर्म वनला म्हणजे आपल्या आठवीला गेलं की तोच धडा फोटोसिंथेसिस होऊन समोर येतो, पुस्तक, फळा, पेपर सगळंच इंग्लिश.

हे आजचं नाहीये. 1892 ला तेव्हा राज्य करणाऱ्या जर्मनांनी टांगा शहरात सरकारी शाळा काढली कारण कारभार स्वाहिलीतून चालवायचा होता आणि कारकून हवे होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आले, त्यांनी खालचे वर्ग स्वाहिलीत ठेवले पण वरचं शिक्षण आणि बरी नोकरी इंग्लिशकडे गेली, फट तेव्हाच पडली.

1961 ला स्वातंत्र्य मिळालं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक, लोक त्यांना म्वालिमू म्हणजे गुरुजीच म्हणायचे, शेक्सपियरचं ज्युलियस सीझर त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणलं. 1967 ला त्यांच्या सरकारने सगळं प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत केलं, 1974 ला प्रत्येक पोराला शाळेत घालायचं ठरवलं, शिक्षक पुरेनात तर सातवी पास झालेल्यांनाच ट्रेनिंग देऊन उभं केलं. शंभरावर भाषा असलेल्या गरीब देशात हे करणं म्हणजे केवढं मोठं काम, मला तरी त्याचं फार कौतुक वाटतं.

पण हायस्कूल इंग्लिशमध्येच राहिलं. 1982 च्या मक्वेटा आयोगाने सांगितलं की तेही स्वाहिलीत न्या, सरकारने नाही ऐकलं. त्यात युगांडाशी युद्ध, तेलाचे भाव, कर्ज यांनी तिजोरी रिकामी झालेली, 80 च्या दशकात फीसुद्धा परत आली. ती प्राथमिकला रद्द झाली 2000 नंतर आणि फॉर्म फोरपर्यंत म्हणजे आपल्या अकरावीपर्यंत 2016 ला.

पोरं आली, भाषेचा प्रश्न तसाच. सर फळ्यावर इंग्लिश व्याख्या लिहितात, मग वळून स्वाहिलीत समजावतात, पोरांना तेव्हा कळतं आणि वहीत मात्र उतरते ती फळ्यावरची ओळ, पाठ करायला. 2012 च्या फॉर्म फोरच्या परीक्षेत पहिल्या निकालात जवळपास 60 टक्के पोरं नापास झाली, यात शिक्षक आणि पुस्तकं कमी हेही आहेच, पण उत्तर माहीत असून इंग्लिश वाक्य जुळत नाही म्हणून पेपर कोरा सोडणारी त्यात किती असतील, ते कुठल्या निकालात दिसत नाही.