राखाडी शाई कुठेच नव्हती

गेल्या महिन्यात मावशीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जुन्या कात्रणाचा फोटो टाकला. साठेक वर्षांपूर्वी पेपरात छापून आलेले पणजोबा: डोक्याला पागोटं, हातात चिपळ्या, मागे टाळकरी. पणजोबा कीर्तनकार होते. मोबाइलवर बघताना त्यांच्या डोक्याभोवती फिकट, वळणदार पट्टे दिसत होते. तासाभरात ग्रुपवर 'तेजोवलय' हा शब्द आला आणि फोटो पुढे जायला लागला. त्यांचं कीर्तन ऐकायला पंचक्रोशीतून लोक यायचे, ही त्यांची खरी पुण्याई. पट्टे मात्र छपाईच्या जाळीचे आहेत, आणि ती जाळी कशी चालते हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मास मीडिया किंवा दृश्यसंवाद शिकायला निघालेली मुलं विचारतात, आधी कुठलं सॉफ्टवेअर शिकू? मी म्हणतो, आधी एक भिंग घे आणि आजच्या पेपरातला काळा-पांढरा फोटो बघ. फोटोतला राखाडी भाग राखाडी शाईने छापलेला असतो, असंच बहुतेकांना वाटतं. पण छपाईच्या यंत्राला दोनच गोष्टी जमतात, शाई लावणं किंवा न लावणं. भिंगाखाली राखाडी गाल फुटतो आणि काळे ठिपके दिसायला लागतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत. अंतर सारखं, आकार वेगळा. कपाळावर टाचणीच्या टोकाहून बारीक, केसांत इतके मोठे की एकमेकांत मिसळून मधे पांढरे ठिपके उरतात. हातभर अंतरावरून डोळा काळ्या-पांढऱ्याची सरासरी काढतो आणि आपल्याला राखाडी दिसतं. याला हाफटोन म्हणतात.

त्याआधी पेपरात फोटो द्यायचा तर कारागीर तो बघून लाकडावर कोरायचे. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने एका झोपडवस्तीचा फोटो हाफटोनने छापला. वर्तमानपत्रातल्या अगदी सुरुवातीच्या अशा फोटोंपैकी तो एक.

आता माझा लाडका भाग. ब्लॉक, म्हणजे फोटो छापायचा धातूचा ठसा, बनवणारा कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या किंचित पुढे एक काच बसवायचा. काचेवर उभ्या-आडव्या काळ्या रेघा, पेपरासाठी इंचाला साधारण ६५. रेघांमधल्या प्रत्येक चौकोनी फटीतून आलेला प्रकाश निगेटिव्हवर पोचेपर्यंत पसरतो: मध्यावर प्रखर, कडेला मंद. निगेटिव्हही मुद्दाम असं घ्यायचं की ठरावीक मर्यादेपलीकडे प्रकाश पडला तर पूर्ण काळं, नाहीतर कोरं. मूळ फोटोतला भाग उजळ असेल तर ती मर्यादा मध्यापासून लांबपर्यंत ओलांडली जाते आणि मोठा ठिपका उमटतो. काळपट असेल तर फक्त मध्यावर, म्हणून बारीक. छापताना हे उलटतं, आणि उजळ भागात शाईचा ठिपका बारीक येतो. प्रकाश किती आहे हे काच ठिपक्याच्या आकारात लिहून ठेवते!

सगळं अवलंबून असायचं काच किती अंतरावर ठेवली यावर. त्याचं गणित मांडणाऱ्यांत कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी होते, सत्यजित राय यांचे आजोबा. लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात त्यांचे या विषयावरचे लेख छापले गेले. आणि आपले त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्याआधी याच ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते.

रंगीत छपाईत अशा चार जाळ्या एकावर एक येतात: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळी, काळी. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून एक जरासा फिरवा, मोठ्या लाटा सरकताना दिसतील. हे मोआरे. लाटांमधलं अंतर म्हणजे जाळीतलं अंतर भागिले कोनाच्या निम्म्याच्या साइनची दुप्पट. ठिपक्यांत ०.३ मिलिमीटर अंतर असेल आणि जाळ्या २ अंशांनी चुकल्या, तर ८.६ मिलिमीटरच्या लाटा, म्हणजे चेहऱ्यावर चट्टे. तेच ३० अंश ठेवले तर ०.५८ मिलिमीटर, डोळ्याला जाणवतही नाही. पण चौकोनी जाळी ९० अंश फिरवली की पुन्हा तशीच दिसते, म्हणून ३०-३० अंशांवर तीनच जाळ्या बसतात आणि रंग तर चार! मग सायन १५ वर, काळी ४५ वर, मॅजेंटा ७५ वर, आणि पिवळी ० वर, शेजारणीपासून फक्त १५ अंश. तिच्या लाटा १.१५ मिलिमीटरच्या आसपास होतात, पण पांढऱ्या कागदावर पिवळं मुळातच कमी उठून दिसतं, म्हणून खपून जातं. काळी ४५ वर का? आडव्या-उभ्या ओळी डोळ्याला चटकन कळतात, तिरक्या तितक्या कळत नाहीत. सगळ्यात ठळक शाई म्हणून डोळ्याच्या या कमकुवत दिशेला ठेवायची. हा कोन ज्यांनी पहिल्यांदा हेरला त्यांना माझा दंडवत.

पणजोबांच्या कात्रणात जाळी एकच होती. दुसरी जाळी मावशीच्या मोबाइलने आणली, कारण कॅमेऱ्याचा सेन्सरही चौकोनी घरांचाच असतो. कागद जुना होऊन फुगला होता, म्हणून ठिपक्यांच्या ओळी वाकल्या आणि त्यांच्याबरोबर लाटाही वळल्या.

एका भावाने लगेच एआय ॲपमधून फोटो 'क्लिअर' करून पाठवला. पापण्यांचे केससुद्धा मोजता येतील इतका स्वच्छ. पण जे ठिपक्यांत उतरलंच नव्हतं ते ॲपने दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून रचलंय. त्या पापण्या पणजोबांच्या नाहीत, आणि तो फोटो त्यांचा म्हणून भिंतीवर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारी मावशीकडे गेलो. कात्रण दोन पुस्तकांखाली दाबून सपाट केलं आणि इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केलं, म्हणजे छपाईच्या एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत ओळीत स्कॅनरची साधारण नऊ घरं. पट्टे गेले. मग दोघांनी मिळून पणजोबांचा उजवा डोळा पडद्यावर मोठा केला. एका ओळीत सात ठिपके होते. मधले तीन जवळजवळ चिकटलेले, ते बुबुळ. मावशीने ते बोटाने मोजले, मग खुर्ची मागे घेतली, आणखी मागे घेतली, आणि म्हणाली, "आत्ता बघतायत."