फेर्रे: तीन तोंडांचं एक क्रियापद

सरकारी नोकराची ट्रान्सफर होते आणि पुस्तकाचं ट्रान्सलेशन. हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, असं सांगितलं तर पटत नाही, कारण ‘फर’ आणि ‘लेट’ यांत एक अक्षरही सारखं नाही. तरी ते खरं आहे.

ते क्रियापद म्हणजे फेर्रे: वाहून नेणं, धारण करणं, सोसणं. लॅटिन कोशात क्रियापदाची चार रूपं देण्याची पद्धत आहे, आणि इथे ती येतात फेरो (मी वाहतो), फेर्रे (वाहणं), तुली (मी वाहिलं), लातुम (वाहिलेलं). विद्यार्थी ती पाठ करतात आणि वैतागतात.

वर्तमानकाळ मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल. फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. शेजारी वैदिक रूपं ठेवा: भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. लॅटिन आणि संस्कृत दोन्ही ज्या जुन्या मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला शब्दाच्या सुरुवातीचा ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ होतो, म्हणूनच आपला भ्राता तिकडे फ्रातेर आहे.

हे वाचून कुणीतरी लगेच ‘लॅटिन संस्कृतातून निघाली’ हा संदेश पुढे ढकलेल. तसं नाही, आणि त्याचा पुरावा खुद्द संस्कृतातच आहे. ‘आणि’ या अर्थी लॅटिनमध्ये शब्दाला ‘क्वे’ जोडतात, संस्कृतात ‘च’. ‘काय’साठी लॅटिन ‘क्वोद’, वैदिक ‘कद्’. तिकडे दोन्हीकडे ‘क्व’, मग इकडे एकदा ‘च’ आणि एकदा ‘क’ का? कारण पुढचे स्वर वेगळे होते. ‘ए’च्या आधीचा क तालव्य होऊन च झाला, ‘ओ’च्या आधीचा क तसाच राहिला. नंतर संस्कृताच्या पूर्वरूपात ए आणि ओ दोन्ही मिटून ‘अ’ झाले, पण व्यंजनावर उमटलेला ठसा पुसला गेला नाही. म्हणजे फेरोमधला ‘ए’ जुना आणि भरतिमधला ‘अ’ नंतरचा. संस्कृत ही लॅटिनची बहीण आहे, आई नव्हे. 1870च्या दशकात हा नियम अनेक युरोपीय अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच सुमारास लक्षात आला.

आता तुली आणि लातुम. ‘भर्’ हा चालू राहणाऱ्या क्रियेचा धातू. पूर्ण झालेल्या क्रियेसाठी लॅटिनने दुसरा धातू उसना घेतला. यात विचित्र काही नाही. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेलो’. पहिलं ‘या’ धातूचं, दुसरं ‘गम्’चं. ग्रीक तर ‘वाहणं’ याच अर्थासाठी तीन वेगवेगळे धातू वापरते.

लॅटिनने घेतलेला धातू ‘तेल्’सारखा होता, अर्थ उचलणं, पेलणं. त्यातूनच आपली तुला आणि तोलणं. जुन्या लॅटिन नाटकांत ‘तेतुली’ असं रूप सापडतं. हे पहिल्या अक्षराचं द्वित्व, संस्कृतातल्या ‘बभार’मध्ये (‘त्याने वाहिलं’) असतं तसंच. पुढे ते ‘ते’ गळून तुली उरलं, पण ‘परत आणलं’ या अर्थाच्या ‘रेत्तुली’त दोन त अजून टिकून आहेत: रे-तेतुलीतला मधला स्वर गेला आणि दोन त एकमेकांना चिकटले. माझ्या मते अख्ख्या लॅटिन व्याकरणात इतका सुंदर जीवाश्म क्वचितच सापडतो.

लातुमसुद्धा याच धातूचं. धातूच्या शेवटी घशातला एक व्यंजनध्वनी होता. इथे धातूचा स्वर लोपला, ‘ल’ आणि तो ध्वनी मिळून ‘ला’ झालं आणि ‘त्लातुम’ तयार झालं. शब्दारंभी ‘त्ल’ लॅटिनला चालेना, त गेला. ज्याला हे गणित नको असेल त्याने एवढंच लक्षात ठेवावं की तुली आणि लातुम सख्खी भावंडं आहेत आणि फेरोच्या घरी दत्तक आलेली.

गंमत म्हणजे ‘उचलणं’ या अर्थाचं तोल्लेरे हे लॅटिन क्रियापद याच धातूचं, म्हणजे तुलीचं खरं मालक. पण तुली फेर्रेने पळवल्यावर त्याला ‘सुस्तुली’ हे उपसर्ग लावलेलं रूप वापरावं लागलं.

इतकी कटकट बोलीभाषेने फार काळ सोसली नाही. लोकांनी सरळ, नियमित चालणारं पोर्तारे पसंत केलं. इटालियनमध्ये तेच पोर्तारे राहिलं, फ्रेंचमध्ये त्याचं पोर्ते झालं, आणि रेल्वे स्टेशनवरचा पोर्टरही त्यातूनच आला. एकटं फेर्रे या भाषांत उरलं नाही. उपसर्ग लावलेल्या शब्दांत मात्र ते आहे.