वहीतला तिसरा रकाना : आरोग्यसेवेच्या इंग्रजी-अरबी शब्दांमागचा इतिहास

कोल्हापूर परिसरात नर्सिंगचे शिक्षण घेऊन आखाती देशांत नोकरीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वहीत सहसा तीन रकाने आखलेले असतात. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी आणि तिसऱ्यात देवनागरीत उतरवलेला अरबी. रक्तदाब, ब्लड प्रेशर, दग्त. गोळी, टॅब्लेट, हब्बा. सुई, इंजेक्शन, इब्रा. दुसऱ्या रकान्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, कारण अभ्यासक्रमच इंग्रजीत झालेला असतो. तिसऱ्याबद्दल मात्र हमखास विचारले जाते की, ज्या देशांची भाषा अरबी आहे, तिथल्या रुग्णालयांचे कामकाजही अरबीतच का चालत नाही, आणि ते इंग्रजीत चालत असेल तर अरबी शिकायची तरी कशाला? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते. मात्र त्याआधीचा काही काळ पाहिल्याशिवाय ते नीट उमगत नाही, कारण वैद्यकाची भाषा म्हणून अरबीचा दबदबा इंग्रजीच्या कितीतरी आधीचा आहे.

आठव्या-नवव्या शतकांत अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये ग्रीक, सिरियाक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली. हुनैन इब्न इसहाक याने गॅलनचे ग्रीक वैद्यक अरबीत आणताना अनेक संज्ञा नव्याने घडवल्या. हारून अल-रशीदच्या काळात बरमकी वजिराच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचे शल्यशास्त्र तिकडे पोहोचवले, आणि पुढे अल-राझीने आपल्या ग्रंथात चरकाचा उल्लेख ‘शरक’ असा केला. औषधांची नावेही याच वाटेने गेली. आपला हिरडा तिकडे हलीलज झाला, बेहडा बलीलज आणि आवळा अमलज. त्रिफळेचे इत्रीफल झाले आणि कालांतराने तेच नाव घेऊन ते हकिमांच्या बरण्यांतून आपल्याकडे परत आले. माहेरची मुलगी सासरचे आडनाव लावून परतावी, तसा हा प्रकार.

तिथून पुढचा प्रवास पश्चिमेकडे झाला. इब्न सीनाचा वैद्यकावरील ग्रंथराज बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने लॅटिनमध्ये आणला आणि युरोपातल्या विद्यापीठांत तो काही शतके पाठ्यग्रंथ म्हणून वाचला गेला. इंग्रजी वैद्यकातल्या कित्येक शब्दांचे मूळ त्यामुळे अरबीत निघते. सिरप हा शब्द ‘शराब’ म्हणजे पेय यावरून आला. अल्कोहोल ‘अल-कुहल’वरून आला आणि हा कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, बारीक पूड, मग कोणत्याही द्रव्याचा अर्क आणि शेवटी मद्यार्क, असा अर्थ सरकत गेला. मेंदूवरच्या जाड आवरणाला ड्युरा मेटर, म्हणजे शब्दशः ‘कठीण आई’, का म्हणतात हे नर्सिंगच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही. अरब शरीरशास्त्रज्ञांनी त्या आवरणाला ‘उम्म’ म्हणजे आई म्हटले होते आणि लॅटिन भाषांतरकाराने ते जसेच्या तसे उचलले, एवढेच त्याचे कारण आहे.

मराठीत अरबी शब्द आले ते प्रामुख्याने फारसीच्या मार्फत, बहमनी आणि आदिलशाही राजवटींच्या काळात. इलाज, दवा, मलम, लकवा, तब्येत, हकीम हे सारे मूळचे अरबी. दवाखाना या शब्दात अरबी दवेला फारसी खाना जोडलेला आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश करवून घेतला, हे सर्वांना माहीत आहे. कचेरीतले शब्द अशा प्रयत्नांनी काही प्रमाणात बदलता येतात, पण आजाऱ्याच्या उशाशी बोलले जाणारे शब्द हुकुमाने बदलत नाहीत. आजही सरकारी पाटीवर रुग्णालय आणि बोलण्यात दवाखाना हीच रीत आहे, आणि दोन्हींच्या मध्ये पोर्तुगीजांकडून आलेले इस्पितळ जुन्या माणसांच्या तोंडी टिकून आहे.

आता एकोणिसावे शतक. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला वैद्यक देशी भाषांतून शिकवण्याचे प्रयोग खरोखर झाले होते. कोलकात्यात १८२२ मध्ये तशी संस्था निघाली. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकशाळा सुरू झाली आणि तिच्यासाठी मराठीत पुस्तके तयार करण्यात आली. मुंबईची शाळा १८३२ मध्ये बंद पडली. कोलकात्याची संस्था १८३५ मध्ये गुंडाळून तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे कॉलेज आले आणि १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले तेही इंग्रजीतच. खालच्या दर्जाच्या सहायकांसाठी देशी भाषेतले वर्ग पुढेही चालले, परंतु डॉक्टरची भाषा इंग्रजी हे तेव्हाच ठरून गेले.

कोल्हापुरात त्याचे प्रतिबिंब आज सी.पी.आर. (छत्रपती प्रमिलाराजे) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयाच्या इतिहासात दिसते. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले हे रुग्णालय संस्थानच्या काळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियातून वैद्यकाची पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांची याच रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक झाली होती. पण मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांना कामावर रुजू होता आले नाही. त्या रुजू झाल्या असत्या, तर इंग्रजीत शिकलेली विद्या त्यांना पन्हाळा-करवीरच्या बायकांच्या बोलीत रोज उतरवावी लागली असती. हे काम नंतरच्या पिढ्यांनी केले आणि आजही रोज चालू आहे. केसपेपरवर इंग्रजी लिहिले जाते आणि खाटेवरची आजी ‘डोस्कं ठणकाय लागलंय’ असे सांगते. ठणका, चमक, कळ, मुंग्या, भोवळ, कणकण यांतला प्रत्येक शब्द वेगळा त्रास सांगतो आणि कागदावर उतरताना त्यांतले निम्मे ‘पेन’ या एकाच शब्दात गडप होतात. कोल्हापूरची परिचारिका परदेशी जाण्याआधीच दुभाषी असते. तिला तसे कोणी म्हणत नाही, इतकेच.

अरबीच्या वाट्याला जवळपास हेच आले, फक्त थोडे उशिरा. इजिप्तमध्ये मुहम्मद अलीच्या राजवटीत क्लो या फ्रेंच डॉक्टरने १८२७ मध्ये अबू झाबल येथे वैद्यकशाळा काढली. शिक्षक युरोपीय आणि विद्यार्थी अरबी बोलणारे, त्यामुळे व्याख्यान दुभाष्यामार्फत होई आणि त्यातूनच आधुनिक अरबी वैद्यकीय पाठ्यपुस्तके जन्माला आली. बैरुतमध्ये अमेरिकी मिशनऱ्यांनी १८६६ मध्ये स्थापन केलेल्या कॉलेजातही सुरुवातीला वैद्यक अरबीत शिकवले जात होते. १८८० च्या दशकात तिथे इंग्रजी आली, आणि १८८२ मध्ये ब्रिटिशांनी इजिप्त ताब्यात घेतल्यावर शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या वैद्यकशाळेतही तेच घडले. अपवाद सीरियाचा. दमास्कसमध्ये १९१९ पासून वैद्यक अरबीतून शिकवले जाते आणि ती परंपरा मोडलेली नाही. जिला स्वतःच्या पारिभाषिक संज्ञा नाहीत अशी ही भाषा नव्हे. संज्ञा आहेत, पण बहुतेक देशांत रुग्णालयाचा कागद त्यांच्या हातून गेला.

आखाती देशांतल्या आधुनिक रुग्णालयांचा मोठा विस्तार १९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्यावर झाला. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, पण त्यांत काम करणारी माणसे तितक्या झपाट्याने देशात तयार होणे शक्य नव्हते. भारत, फिलिपिन्स, पाकिस्तान, इजिप्त, ब्रिटन अशा ठिकाणांहून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांना एकमेकांशी बोलायला समान भाषा एकच होती, ती इंग्रजी. त्यामुळे फाइल इंग्रजीत, औषधाचा हुकूम इंग्रजीत आणि परवान्याची परीक्षाही इंग्रजीत, अशी घडी बसली. रुग्ण मात्र तिथलाच राहिला आणि त्याची वेदना अरबीतच राहिली. कोल्हापुरात केसपेपर आणि खाट यांच्यामध्ये जे अंतर मराठीने भरून निघते, तिथे ते अरबीने भरावे लागते. तिसऱ्या रकान्याचे कारण हेच.

दुसरा रकाना वाटतो तितका सोपा नाही, हेही सांगायला हवे. आपल्या प्रिस्क्रिप्शनवरची बीडी, टीडीएस, एसओएस ही अक्षरे इंग्रजी नसून लॅटिन शब्दांची आहेत. दिवसातून दोनदा, दिवसातून तीनदा, गरज पडल्यास. शिवाय आपण शिकतो ती इंग्रजी ब्रिटिश वळणाची. अमेरिकी धाटणीच्या रुग्णालयात अॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन म्हणतात, पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन, आणि ‘तोंडाने काही द्यायचे नाही’ यासाठी आपल्याकडे लिहिले जाणारे एनबीएम तिथे एनपीओ होते.

खरी गंमत, आणि खरी अडचण, तिसऱ्या रकान्यातल्या ओळखीच्या शब्दांत आहे. मराठी माणसाला दवा, इलाज आणि मलमाचा मूळ शब्द ‘मरहम’ शिकावे लागत नाहीत आणि त्यामुळे त्याचा आत्मविश्वास उगाच वाढतो. दम म्हणजे आपल्याला श्वास, पण तो फारसी दम. अरबीत दम म्हणजे रक्त. हिंदीतला बुखार अरबीत वाफ होतो, आणि तापाला तिथे हुम्मा किंवा साधेपणाने हरारा म्हणतात. अंगात कसर आहे असे आपण बारीक तापाला म्हणतो. अरबीत कस्र म्हणजे मोडणे आणि रुग्णालयात त्याचा अर्थ हाड मोडणे. पुस्तकाची जिल्द मूळची कातडी असल्याने त्वचारोगाच्या विभागाच्या नावात जिल्द दिसते. जुलाबाची कथा तर सर्वांत लांबची आहे. फारसी गुल-आब म्हणजे गुलाबपाणी अरबीत जुलाब झाले आणि औषधाचे गोड सरबत या अर्थाने रुळले. इंग्रजीत त्याचे ज्यूलेप हे गोड पेय झाले, आणि आपल्याकडे सरबतातून रेचक देण्याच्या रिवाजामुळे रेचक, व पुढे त्याचा परिणामच, या नावाने ओळखला जाऊ लागला. लेबनॉनकडे जल्लाब हे आजही थंडगार गोड पेय आहे. हगवणीला तिथे इसहाल म्हणावे लागते. आणि खलास! सुई टोचून झाल्यावर आखातातली परिचारिका रुग्णाला धीर देत ‘खलास’ म्हणते, म्हणजे झाले, संपले. आपल्या वॉर्डात तोच शब्द उच्चारला तर बाहेर बसलेले नातेवाईक हंबरडा फोडतील.

या सगळ्यात देवनागरीने स्वतःची एक भर घातली आहे. अरबीत हृदयाला कल्ब म्हणतात आणि कुत्र्यालाही कल्ब, पण दोन्ही ‘क’ वेगळे आहेत. हृदयाचा क घशात खोलवर उमटतो. मराठी वहीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात. लहानपणी कुराणपठण शिकलेल्या मुलींना हा फरक कानाने ठाऊक असतो, इतरांना तो कोणीतरी दाखवावा लागतो. त्यातही, वहीतला शब्द प्रमाण अरबीतला असतो आणि रुग्ण बोलतो ती बोली. पुस्तकात वेदनेला अलम किंवा वजअ असते. आखातातला म्हातारा मात्र ‘यअव्वरनी’, मला दुखते, असे म्हणतो आणि तो शब्द कोणत्याही छापील यादीत चटकन सापडत नाही. हृदयातला तो खोल क त्याच्या बोलीत चक्क ग होतो. म्हणून अनुभवी परिचारिका घरी सुट्टीवर आल्या की नव्या मुलींच्या वह्यांतल्या तिसऱ्या रकान्यात पेनने दुरुस्त्या करतात, आणि कल्बच्या शेजारी गल्ब असे लिहून ठेवतात.