पर्ड्यू फार्मा भरपाई: पैसे कुणाला मिळणार आणि कागद कुठले लागतात

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ऑक्सिकाँटिन ही पेनकिलर बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा या अमेरिकन औषध कंपनीविरुद्ध भरपाईचे नवीन क्लेम आता घेत नाहीत. शेवटची तारीख ३० जुलै २०२० होती, आणि तोपर्यंत न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी कोर्टातल्या केसमध्ये ज्यांनी क्लेम भरला त्यांचाच विचार होणार. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला "तुमचं नाव आता घालून देतो, फी भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

प्रकरण थोडक्यात असं. ऑक्सिकाँटिन ही अफूच्या जातीची पेनकिलर १९९६ ला बाजारात आली, व्यसन लागायची भीती कमी आहे असं डॉक्टरांना पटवून ती खपवली गेली. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड भरला, २०२० मध्ये परत कबूल केला, पण मालक सॅकलर कुटुंबातलं कुणीच जेलमध्ये गेलं नाही, हे मला आजही पटत नाही. २०१९ ला दिवाळखोरी जाहीर केली, मग सॅकलरांना सगळ्या दाव्यांतून मोकळं करणारा प्लॅन आला, तो २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने फेटाळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ७४० कोटी डॉलरचा नवा प्लॅन मंजूर झाला, आणि ज्यांना ही तडजोड मान्य नाही ते आता सॅकलरांवर वेगळा दावा लावू शकतात.

यातला मोठा वाटा राज्यं, शहरं आणि गावांकडे जाणार. व्यक्तींना साधारण ८ हजार किंवा १६ हजार डॉलर मिळतील असा अंदाज आहे, गोळी किती काळ लिहून दिली होती त्यावर ते ठरणार, आणि वकिलाची फी त्यातूनच जाणार.

खरी अडचण कागदांची आहे. पर्ड्यूचंच औषध डॉक्टरांनी लिहून दिलं होतं हे दाखवावं लागतं, नुसतं व्यसन लागलं होतं हे सांगून भागत नाही. फार्मसीचं रेकॉर्ड असेल तर उत्तम, नाहीतर हॉस्पिटलची किंवा व्यसनमुक्ती केंद्राची फाईल ज्यात गोळीचं नाव लिहिलंय, इन्शुरन्स कंपनीकडची जुनी नोंद, किंवा पेशंटचं नाव असलेली रिकामी बाटलीसुद्धा. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड बहुतेक फार्मसी ठेवतच नाहीत, म्हणजे ज्या घरांनी सगळ्यात आधी भोगलं त्यांच्याच हातात पुरावा नाही, हा मोठा अन्याय आहे आणि तो कुणी फारसा बोलूनही दाखवत नाही.

माणूस गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्याच्या वतीने पैसे घ्यायचा अधिकार तुम्हाला आहे याचा कागद लागेल. आईने गरोदरपणात हे औषध घेतल्यामुळे जन्मतःच त्रास झालेल्या मुलांचे क्लेम वेगळे धरलेत, तिथे बाळाच्या जन्मावेळची हॉस्पिटलची फाईल शोधा.

क्लेम २०२० मध्ये भरला असेल तर तो नंबर शोधून ठेवा, पत्ता बदलला असेल तर वकिलाला किंवा क्लेम बघणाऱ्या ऑफिसला लेखी कळवा, कारण फॉर्म पोस्टाने जुन्या पत्त्यावर गेला आणि मुदत टळली तर मग भांडणं अवघड आहे.